सायकलची सीट टोचते? मुली आणि महिलांनी योग्य सीट कशी निवडायची, कशी बसवायची?

खड्ड्यांचा रस्ता, पाठीवर दप्तर आणि दोन-चार किलोमीटरवरची शाळा. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं साखरा असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव, शेतातल्या वस्तीवर किंवा शेजारच्या गावात राहणाऱ्या मुलीसाठी सायकल ही चैनीची वस्तू नसते. सायकल असेल तर शाळा, नसेल तर पायपीट, असा साधा हिशोब असतो.

सायकलबद्दल बोलताना ती मिळाली की नाही, पंक्चर कुठे काढायचं, रस्ता कधी होणार, यावर चर्चा होते. पण सीट टोचते, मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडं सोलवटतं, लघवीच्या जागी आग होते, यावर सहसा कुणी बोलत नाही. मुली आईला सांगायलाही लाजतात आणि सायकलच्या दुकानात तर हा विषय निघतच नाही. फार तर "सवय झाली की दुखायचं थांबेल" असं उत्तर मिळतं.

सवयीने थोडा फरक पडतो, हे खरं आहे. पण सीटचा बराचसा त्रास सवयीचा नसतो, मापाचा असतो. त्यातला निम्मा-अधिक भाग नवीन सीट न घेता, एक पाना आणि दहा-पंधरा मिनिटं खर्च करून कमी करता येऊ शकतो. तो कसा, ते समजून घेऊ.

सायकल मिळते, पण ती मापाची असते का?

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी सरकारी मदत मिळते. मानव विकास निर्देशांकात मागे असलेल्या तालुक्यांसाठी हा कार्यक्रम आहे आणि त्यात हिंगोली जिल्ह्याचाही समावेश आहे. आधी ही मदत ३,५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५,००० रुपये करण्यात आली.

अशा योजनेने किती फरक पडतो, याचं उदाहरण बिहारमध्ये दिसलं. तिथे २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला. योजनेमुळे माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुला-मुलींच्या नोंदणीतली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. शाळा जितकी लांब, तितका सायकलचा फायदा जास्त होता.

आता थोडं गणित करू. शाळा ५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० किलोमीटर होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ६० किलोमीटर. हौसेने सायकल चालवणारे शहरातले अनेक लोकसुद्धा आठवड्याला इतकं अंतर कापत नाहीत. फरक एवढाच की ते सायकल घेताना सीटची उंची मोजून घेतात. शाळेच्या मुलीची सायकल मात्र दुकानातून जशी आली तशीच वर्षानुवर्षं चालते. आठवीत तेरा वर्षांची असलेली मुलगी बारावीपर्यंत बरीच उंच होते. सीट तिथल्या तिथेच राहते.

लेडीज सायकलमध्ये 'लेडीज' काय असतं?

लेडीज सायकल म्हटलं की पुढचा आडवा दांडा नसलेली सायकल डोळ्यासमोर येते. ही रचना मुळात कपड्यांसाठी आली. साडी, स्कर्ट किंवा सलवार घालून पाय उंच न उचलता बसता यावं, यासाठी दांडा खाली वाकवला गेला. मागच्या चाकाला जाळी आणि पुढे बास्केट ही त्याचीच पुढची सोय. म्हणजे 'लेडीज' हा शब्द सांगाड्याला लागतो. सीट त्या मुलीच्या हाडांच्या मापाची असेलच, याची तो शब्द हमी देत नाही.

उलट्या बाजूने पाहिलं तर जेंट्स सायकल म्हणजे महिलांना नकोच, असंही नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो महिला सायकल शिकल्या. त्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे. तिथल्या काही महिलांना जेंट्स सायकलच जास्त पसंत होती, कारण पुढच्या दांड्यावर लेकराला बसवता यायचं. सायकल कोणती हे कामावरून ठरतं आणि सीट कोणती हे शरीरावरून.

सीटवर बसल्यावर वजन नेमकं कुठे पडतं?

ओट्यावर किंवा पायरीवर सरळ बसा आणि दोन्ही हात कुल्ल्यांखाली ठेवा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. हीच बैठकीची हाडं. डॉक्टर त्यांना 'इश्चियल ट्यूबरॉसिटी' म्हणतात. बसल्यावर शरीराचा भार पेलणं हे त्यांचं काम असतं.

सायकलची सीट योग्य असेल तर वजन या दोन हाडांवर येतं. सीट अरुंद असेल तर हाडं दोन्ही बाजूंनी सीटच्या बाहेर राहतात आणि भार मधल्या नाजूक भागावर पडतो. या भागात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. त्या दाबल्या गेल्या की मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो. सीट गरजेपेक्षा फार रुंद असेल तर पायडल मारताना मांड्या सीटच्या कडांना घासत राहतात आणि कातडं सोलवटतं.

स्त्रियांच्या कमरेच्या हाडांची कमान सरासरीने पुरुषांपेक्षा रुंद असते, त्यामुळे बैठकीच्या हाडांमधलं अंतरही सरासरीने थोडं जास्त असतं. पण ही फक्त सरासरी झाली. एखाद्या बारीक मुलीचं अंतर जास्त आणि धिप्पाड पुरुषाचं कमी असू शकतं. बाहेरून दिसणाऱ्या अंगकाठीवरून हे माप कळत नाही. म्हणून वजन जास्त तर सीट मोठी, हा दुकानातला अंदाज दरवेळी बरोबर ठरत नाही.

बसण्याच्या पद्धतीचाही संबंध आहे. पाठ ताठ ठेवून बसलं की भार मागे हाडांवर राहतो. हँडल खाली असेल आणि पुढे वाकावं लागत असेल तर भार पुढे, नाजूक भागाकडे सरकतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ४८ महिला सायकलपटूंचा अभ्यास केला. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर त्या भागावरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना कमी होते, असं त्यात दिसलं.

मऊ सीट म्हणजे आरामदायक सीट का?

सीट टोचली की पहिला उपाय म्हणजे फोमचं किंवा जेलचं कव्हर. दुकानात बोटाने दाबून पाहिलं की ते छान वाटतं आणि पहिले दोन किलोमीटर बरंही वाटतं. पण फार मऊ गादीत बैठकीची हाडं खाली रुततात. हाडं खाली गेली की मधला फोम वर येतो आणि ज्या भागावर दाब नको, तिथेच दाबतो.

त्यामुळे अंतर जास्त असेल तर सीट थोडी घट्ट असावी, पण मापाची असावी. बाजारापुरतं पाच-दहा मिनिटं जायचं असेल तर मऊ, स्प्रिंगची सीट चालते. कव्हर घ्यायचंच असेल तर पातळ घ्या आणि ते दोरीने घट्ट बांधा. सरकणारं कव्हर उलट जास्त घासतं.

आधी आहे तीच सीट नीट बसवा

नवीन सीटवर पैसे खर्च करण्याआधी या चार गोष्टी करून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

१. उंची: सायकल भिंतीजवळ उभी करा, भिंतीला हात टेकवून सीटवर बसा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून पायडल मारलं की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर पायांवर भार येत नाही, सगळं वजन सीटवर पडतं आणि गुडघेही दुखतात. फार वर असेल तर पायडलपर्यंत पोहोचण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि घर्षण वाढतं. नुकतीच सायकल शिकणारी मुलगी असेल तर तिचे पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवा आणि भीती गेली की हळूहळू वर घ्या. सीटच्या पाइपवर एक खूण असते, त्या खुणेपेक्षा पाइप वर काढू नका. वाढत्या वयाच्या मुलीची सीट दर सहा महिन्यांनी तपासा.

२. उतार: सीट आडवी, सपाट हवी. सीटवर लांब पट्टी ठेवून बाजूने पाहिलं की लगेच कळतं. पुढचं टोक वर उचललेलं असेल तर ते थेट नाजूक भागावर दाबतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर सीटखालचा नट सैल होऊन टोक आपोआप वर येतं, हे अनेकींच्या लक्षातही येत नाही. नट पान्याने सैल करून सीट सपाट करा आणि पुन्हा घट्ट आवळा. तरीही दाब जाणवत असेल तर टोक अगदी किंचित खाली करा. जास्त खाली केलं तर बसल्या बसल्या पुढे घसरायला होतं आणि मनगटं व खांदे दुखतात.

३. पुढे-मागे: त्याच नटावर सीट पुढे-मागे सरकवता येते. दोन्ही पायडल जमिनीला समांतर असताना पुढच्या पायाची गुडघ्याची वाटी साधारण पायडलच्या आसाच्या वर यावी. हँडल लांब वाटत असेल तर मुलगी नकळत सरकत सीटच्या निमुळत्या टोकावर येऊन बसते आणि मग कितीही चांगली सीट टोचते.

४. हँडल: शाळेच्या किंवा रोजच्या वापराच्या सायकलचं हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर ठेवा. दुकानदाराला सांगितलं तर तो पाच मिनिटांत करून देतो.

दोन सवयीही लावून घ्या. दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला किंवा बास्केटमध्ये ठेवा, कारण पाठीवरचं सगळं ओझं शेवटी सीटवरच येतं. आणि खड्डा दिसला की पायडलवर भार देऊन सीटवरून थोडं उठा. चाकात हवा बरोबर असणंही महत्त्वाचं आहे. दगडासारखं टणक चाक प्रत्येक दचका वर पाठवतं.

नवीन सीट घ्यायची असेल तर माप कसं घ्यायचं?

किराणा दुकानातून एक खोक्याचा पुठ्ठा आणा, आत नागमोडी थर असलेला. तो टणक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, थोडं पुढे वाका आणि टाचा उचलून अर्धा मिनिट तसंच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खोलगट ठसे दिसतील. दोन्ही ठशांचे मध्यबिंदू पेनाने काढा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. बहुतेकांचं ते १० ते १५ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं.

या मापात साधारण २ सेंटीमीटर मिळवले की सीटच्या मागच्या, सर्वात रुंद भागाचा अंदाज मिळतो. ताठ बसून चालवायची सायकल असेल तर त्याहून थोडी जास्त रुंदी चालते. उदाहरणार्थ, ठशांमधलं अंतर १२ सेंटीमीटर असेल तर १४ सेंटीमीटरपासून पुढच्या सीट पाहाव्यात. दुकानात जाताना पट्टी सोबत न्या. पाकिटावर 'लेडीज' लिहिलं आहे की नाही, यापेक्षा हा आकडा जास्त उपयोगी आहे.

रुंदीनंतर आकार पाहा. मागे पुरेशी रुंद आणि पुढे पटकन निमुळती होणारी सीट मांड्यांना कमी घासते. काही सीटच्या मधोमध खाच किंवा आरपार फट असते, नाजूक भागावरचा दाब कमी करण्यासाठी. ही कल्पना नवी नाही. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत महिला मोठ्या संख्येने सायकल चालवू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी सीटवर आक्षेप घेतले आणि कंपन्यांनी मधून मोकळ्या असलेल्या 'आरोग्यदायी' सीट विकायला काढल्या. पुढे जॉर्जिना टेरी या अमेरिकन अभियंता महिलेने १९८५ मध्ये खास महिलांच्या सायकलींची कंपनी सुरू केली आणि १९९० च्या दशकात तिच्या फटीच्या सीट लोकप्रिय झाल्या. मात्र फट प्रत्येकीला मानवतेच असं नाही. काहींना फटीच्या कडाच टोचतात. शक्य असेल तर मैत्रिणीची सायकल दोन-तीन दिवस चालवून बघा आणि मग ठरवा.

कपडे आणि पाळीचे दिवस

कधी कधी सीट बरोबर असते आणि टोचते ती शिवण. जाड जीन्सच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात, तीच जागा नेमकी सीटवर येते. सैल सलवारीच्या चुण्या गोळा होऊनही घर्षण होतं. त्यापेक्षा लेगिंग किंवा पातळ शिवणीची पँट बरी. अंतर जास्त असेल तर आत पॅड शिवलेली सायकलिंगची शॉर्ट सलवारीखाली घालता येते. तिच्याखाली निकर घालत नाहीत, नाहीतर पुन्हा शिवणीच घासतात. ती रोज धुवून, उन्हात वाळवूनच वापरावी.

पाळीच्या दिवसांत जाड किंवा ओलं झालेलं पॅड कडेने घासतं. निघण्याआधी ते बदललं तर त्रास कमी होतो. घामाने ओले झालेले कपडे पोहोचल्यावर शक्य तितक्या लवकर बदलावेत. शाळेत स्वच्छतागृह नीट नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ आणि संसर्ग यामागे हेही एक कारण असतं, सगळा दोष सीटचा नसतो.

सायकल चालवल्याने 'कौमार्य' जातं का?

मुलगी वयात आली की सायकल बंद, यामागे काही घरांत ही भीती असते. योनीमार्गाच्या तोंडाशी असलेला पडदा म्हणजे बंद झाकण नसतं. तो प्रत्येकीत वेगळा असतो, लवचिक असतो आणि त्यावरून लैंगिक संबंध आले की नाही हे सांगताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही, हे स्पष्ट केलं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पाठपुरावा केल्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये हा विषय एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. डॉक्टरांच्या अभ्यासातून जी गोष्ट गेली, तिच्यासाठी मुलीची सायकल बंद करण्याचं कारण नाही.

लैंगिक आरोग्याबद्दलही अशीच शंका असते. ३,००० हून जास्त महिलांचा समावेश असलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सायकल चालवणाऱ्या महिलांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट असल्याचं दिसलं नाही. मात्र बधिरपणा, सीटमुळे होणारे फोड आणि लघवीचा संसर्ग यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. थोडक्यात, सायकल सोडायची गरज नाही, पण त्रासाकडे दुर्लक्षही करायचं नाही.

कोणतं दुखणं साधं, कोणतं नाही?

नवीन सायकल किंवा नवीन सीट असेल तर पहिले एक-दोन आठवडे बैठकीची हाडं दुखणं साधं आहे. ते हळूहळू कमी होतं. बधिरपणा आणि मुंग्या मात्र पहिल्या दिवशीही साध्या समजू नयेत. नसेवर दाब पडत असल्याची ती खूण आहे. सीट लगेच तपासा.

पुढीलपैकी काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गावातल्या आशा ताईंशी बोललं तरी चालतं.

• सायकलवरून उतरल्यावरही बराच वेळ राहणारा बधिरपणा
• लघवीला जळजळ, वारंवार लघवी होणं किंवा लघवीतून रक्त
• पू झालेला फोड, सोबत ताप
• एका बाजूला आलेली आणि न उतरणारी सूज किंवा गाठ
• पडल्यामुळे किंवा दांड्यावर आपटल्यामुळे रक्तस्राव

फोड बरा होईपर्यंत काही दिवस सायकल बंद ठेवावी. त्यावर टूथपेस्ट, हळदीचा लेप किंवा उरलेलं कुठलंही मलम लावू नये.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

सायकल हातात पडली त्या दिवशी शाळेच्या आवारात प्रत्येक मुलीची सीट तिच्या उंचीला लावून दिली, तर पुढचा बराच त्रास वाचेल. गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला अर्धा दिवस बोलावलं तरी हे काम होतं. वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, हेच पुन्हा करता येईल. शाळेत एक पाना ठेवला आणि तो कसा वापरायचा हे मुलींना दाखवलं, तर त्या एकमेकींच्या सीट स्वतःच लावतील.

घरी तर याहून सोपं आहे. मुलगी सायकल टाळू लागली, अचानक चालत जायला लागली किंवा शाळेला दांड्या मारू लागली, तर "आळस आला का?" असं विचारण्याआधी "सीट टोचते का गं?" असं एकदा विचारून पाहा.